हायस्कूलच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवायचाय? "फाइल कुठे गेली" इथून सुरुवात करा

पहिल्या तासाला मी एकच काम देते. एक कोरी फाइल उघडा, स्वतःबद्दल चार ओळी लिहा, सेव्ह करा, बंद करा. हे जवळपास सगळ्यांना जमतं. मग मी म्हणते आता तीच फाइल परत उघडून दाखवा, आणि मग वर्गात जी शांतता पसरते ना, तिथेच तुमचा वर्षभराचा अभ्यासक्रम तयार होतो. कुणी नुसतं पुन्हा प्रोग्राम उघडून बसतं, कुणी "रिसेंट" मधे शोधतं, कुणी सर्च बॉक्समधे स्वतःचं नाव टाकतं, आणि एक तरी जण अगदी मनापासून म्हणतं, "मॅडम मी सेव्ह केली होती पण ती गेली." गेलेली नसते, आहे तिथेच असते, फक्त "तिथे" म्हणजे कुठे हे त्याला कधी कुणी दाखवलेलं नसतं.

यात मुलांचा काही दोष नाही हे आधी पक्कं डोक्यात ठेवा. ही मुलं फोनवर वाढलीत आणि फोनमधे फाइल दिसतच नाही, फोटो गॅलरीत असतो, गाणं गाण्याच्या ॲपमधे असतं, आलेली पीडीएफ चॅटमधेच उघडते, म्हणजे वस्तू ॲपच्या पोटात असते आणि लागली की सर्च करायची. दोन अंगठ्यांनी व्हिडिओ एडिट करणारं पोरगं बघून घरचे आणि शिक्षक दोघंही समजतात की याला सगळं येतं, म्हणून पाया सोडून थेट प्रेझेंटेशन शिकवायला घेतात, आणि मग दहावी झाली तरी त्या मुलाला अटॅचमेंट डाउनलोड करून दुसऱ्या फोल्डरमधे हलवता येत नाही. म्हणून माझं सांगणं आहे की पहिले दोन आठवडे फक्त फाइल, फोल्डर आणि टायपिंग, बाकी काहीही नाही, प्रिन्सिपल विचारतील "अजून पॉवरपॉइंट नाही का", तरी नाही.

फोल्डर आधी कागदावर

पहिलं कॉम्प्युटर बंद ठेवूनच करा. प्रत्येक जोडीला पंधरा-वीस कागदाचे तुकडे आणि सात-आठ पाकिटं द्या, तुकड्यांवर "विज्ञान प्रयोग ३", "सहलीचा फोटो", "निबंध कच्चा", "निबंध पक्का" असं काहीबाही लिहिलेलं, आणि सांगा हे लावा. पाकिटात पाकीट चालेल. मग एका जोडीने लावलेली पाकिटं दुसऱ्या जोडीला द्यायची आणि म्हणायचं "निबंध पक्का" शोधा. दोन मिनिटांत वाद सुरू होतात, "हे इथे का ठेवलं", "आम्ही तर विषयाप्रमाणे लावलं", आणि ते वाद होऊ द्या, कारण कुठलीच एक रचना बरोबर नसते पण नसलेली रचना मात्र नक्की चुकीची असते हे त्यांना भांडूनच कळतं. शेवटी फळ्यावर पत्ता लिहून घ्यायचा, नववी, त्यात मराठी, त्यात निबंध, त्यात "निबंध पक्का". हाच पाथ.

मग कॉम्प्युटरवर लपाछपी. एकाने चार पातळ्या खोल एक फाइल लपवायची आणि वहीत तिचा पूर्ण पाथ लिहून दुसऱ्याला द्यायचा, दुसऱ्याने सर्च न वापरता फक्त तो पाथ वाचून तिथे पोचायचं. पाथ लिहिताना एक पातळी राहिली की समोरचा अडकतो, आणि मग लिहिणाऱ्यालाच कळतं की आपण काय विसरलो. दुसऱ्या तासाला तीच फाइल कॉपी करायची, तिसऱ्याला मूव्ह करायची, आणि प्रत्येक वेळी विचारायचं, "आता जगात या फाइलच्या किती प्रती आहेत?" हा प्रश्न फार कामाचा आहे, पेनड्राइव्ह, ईमेल, क्लाउड सगळीकडे पुढे हाच प्रश्न परत परत लागतो.

शॉर्टकटचा घोळ वेगळा शिकवा. माझ्या एका विद्यार्थिनीने प्रोजेक्ट डेस्कटॉपवरून पेनड्राइव्हवर घेतला, दुसरीकडे प्रिंटला घेऊन गेली, आणि पेनड्राइव्हवर उघडायला काहीच नव्हतं, कारण तिने कोपऱ्यात छोटा बाण असलेला शॉर्टकट कॉपी केला होता, फाइल घरच्या मशीनवरच राहिली. रडकुंडीला आली होती ती. तेव्हापासून मी हे वर्गातच मुद्दाम घडवते, फाइलच्या शॉर्टकटची कॉपी दुसऱ्या मशीनवर न्यायला लावते आणि काय होतं ते बघायला लावते, शिवाय शॉर्टकट डिलीट केला तर मूळ फाइल राहते हेही.

एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलच्या नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरं, दिसायला लागतील अशी सेटिंग पहिल्याच आठवड्यात करून घ्या, विंडोजमधे ती आपोआप लपवलेली असतात. मग मजा दाखवा. वर्डची डॉकएक्स फाइल घ्या, तिची एक कॉपी करा, कॉपीचं एक्स्टेन्शन बदलून झिप (अनेक फाइली एकत्र बांधलेलं गाठोडं) करा आणि उघडा. आत फोल्डर निघतात, मजकूर वेगळ्या फाइलमधे, चित्रं वेगळ्या फोल्डरमधे. डॉकएक्स म्हणजे मुळात झिपच असतं. हे बघताना नववीची मुलं खुर्चीतून उठून पुढे येतात, खरंच. आणि त्याच धाग्यात सुरक्षिततेचा पहिला धडा होऊन जातो, की "फोटो.जेपीजी.ईएक्सई" नावाची फाइल आली आणि एक्स्टेन्शन लपलेलं असेल तर ती नुसती "फोटो.जेपीजी" दिसते, पण उघडली तर प्रोग्राम चालतो.

नावं देण्याबद्दल एकच सवय लावा, तारीख आधी आणि तीही वर्ष-महिना-दिवस अशी, २०२५-०७-१४ निबंध, म्हणजे नावाप्रमाणे लावलं की आपोआप तारखेप्रमाणे लागतं. "फायनल", "फायनल २", "हेच फायनल" ही मालिका त्यामुळे बंद होते.

रॅम आणि स्टोरेजसाठी टेबल आणि कपाट हे उदाहरण पुरतं, टेबलावर काम चालू आहे, वीज गेली की टेबल रिकामं, कपाटातलं शाबूत. पण हे करून दाखवायचं असेल तर आधी स्वतः घरी करून बघा, कारण विंडोज ११ मधलं नवीन नोटपॅड सेव्ह न केलेला मजकूरसुद्धा लक्षात ठेवतं आणि तुमचा प्रयोग सगळ्यांसमोर फसतो. अजून एक गोष्ट तास सुरू व्हायच्या आधी तपासा, मशीनवरचं "डॉक्युमेंट्स" फोल्डर खरंच त्या मशीनवर आहे की क्लाउडशी जोडलेलं आहे, कारण काही मशीनवर ते वनड्राइव्हच्या आत असतं आणि काहींवर नसतं, मग अर्ध्या वर्गाला एक पाथ दिसतो आणि अर्ध्याला दुसरा आणि तुमचा तास फळ्यावरचा पाथ दुरुस्त करण्यात जातो.

शिक्षकाचे हात पाठीमागे

आता जे सांगते ते मला वाटतं या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचं आहे. मूल अडकलं की आपण काय करतो, वाकतो, त्याचा माउस घेतो, टिक टिक टिक, "हं, झालं बघ." त्या मुलाला काय कळलं? एवढंच की मॅडमना येतं. मी कित्येक वर्षं असंच केलं आणि वर्ष संपल्यावर तीच मुलं तोच प्रश्न घेऊन यायची, तेव्हा मला वाटायचं मुलं लक्ष देत नाहीत. लक्ष देत होती, फक्त हात माझे चालत होते.

आता नियम असा की वर्गात फिरताना माझे हात पाठीमागे. मुलाचा माउस आणि कीबोर्ड मी धरत नाही. तीन प्रश्न विचारते, तुला काय करायचं होतं, तू काय केलंस, आणि आता स्क्रीनवर काय लिहिलंय ते मोठ्याने वाच. तिसऱ्या प्रश्नावर अर्ध्याहून जास्त अडचणी तिथल्या तिथे सुटतात, कारण मुलं मेसेज वाचतच नाहीत, चौकट आली की ती माशी उडवल्यासारखी बंद करतात. "ही फाइल दुसऱ्या प्रोग्राममधे उघडी आहे" असं सरळ लिहिलेलं असतं, पण वाचलं नाही तर ते नुसतं "एरर आला" होतं. इंग्रजी मेसेज अडत असेल तर शब्द मी सांगते, अर्थ वर्गाने लावायचा. तिसरा प्रश्न विचारल्यावरही सुटलं नाही तर शेजारच्या दोघांना विचार, मग मला. यात वेळ जातो, पहिल्या महिन्यात तर चिडचिड होण्याइतका जातो, पण ऑक्टोबरपर्यंत मुलं एकमेकांना "आधी वाच ना काय लिहिलंय" असं म्हणायला लागतात.

आणि क्रिया नावानिशी शिकवा. टचवर वाढलेल्या मुलांना डबल क्लिक, राइट क्लिक, नुसतं वर नेऊन थांबणं, धरून ओढणं हे चार वेगळे प्रकार आहेत हे माहीतच नसतं. "त्याच्यावर दाब" असं म्हणू नका, "राइट क्लिक कर" म्हणा, कारण पुढे त्यांना फोनवरून कुणाला तरी मदत मागायची वेळ येईल तेव्हा हेच शब्द लागतील.

एका मशीनवर दोन मुलं असतील तर त्याला अडचण मानू नका, मला तर ते जास्त आवडतं. एक ड्रायव्हर, एक नॅव्हिगेटर. ड्रायव्हरच्या हातात माउस, पण त्याने स्वतःच्या डोक्याने काही करायचं नाही, नॅव्हिगेटर बोलेल तेवढंच. नॅव्हिगेटरने फक्त बोलायचं, हात लावायचा नाही. दर सात-आठ मिनिटांनी अदलाबदल, आणि ती घड्याळ लावून करा, "आपापसात ठरवा" म्हटलं तर जो चटपटीत आहे तोच अख्खा तास माउस धरून बसतो आणि दुसरा, बहुतेक वेळा जिच्या घरी कॉम्प्युटर नाही ती, वर्षभर बघ्याची भूमिका करते. ज्याला जास्त येतं त्याला आधी नॅव्हिगेटर करा, त्याला बोलून सांगावं लागतं आणि तेव्हा त्यालाच कळतं की आपल्याला नेमकं किती येतं.

टायपिंग, रोज दहा मिनिटं

आठवड्यातून एक तास टायपिंग घेण्यापेक्षा प्रत्येक तासाची पहिली दहा मिनिटं द्या. एफ आणि जे या दोन कळांवर बोटांना जाणवणारे उंचवटे असतात, डोळे मिटून ते शोधायचे, तर्जनी तिथे ठेवायच्या, तिथून सुरुवात. हातांवर एक कागद धरा किंवा रुमाल टाका म्हणजे खाली बघणं बंद. पहिले पंधरा दिवस वेग कमी होतो, दोन बोटांनी भराभर मारणारी मुलं वैतागतात, "मॅडम माझं आधीच फास्ट होतं", तेव्हा मागे हटू नका. स्पीड मोजताना पाच अक्षरं म्हणजे एक शब्द धरतात हे सांगा म्हणजे हिशोब कळतो. वर्षाअखेर न बघता मिनिटाला वीस-पंचवीस शब्द आणि चुका कमी, एवढं झालं तरी मला पुरतं, स्पर्धा लावू नका, स्पर्धेत मुलं परत खाली बघायला लागतात.

एबीसीडी क्रमाने का नाही असं कुणीतरी विचारतंच. कीबोर्डची ही मांडणी १८७० च्या दशकात टाइपरायटरबरोबर आली आणि लोकांच्या बोटांत बसली म्हणून टिकली, एवढं सांगायचं आणि पुढे जायचं.

मराठी टायपिंग मात्र टाळू नका. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची पद्धत मुलांना फोनमुळे माहीत असते, ती चालू दे, पण इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीची कीबोर्डची मांडणी, एकदा तरी दाखवा कारण त्याची रचना आपल्या बाराखडीसारखी आहे, स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, के च्या कळीवर क आणि शिफ्ट धरला की ख, एल वर त आणि शिफ्टने थ, एच वर प आणि शिफ्टने फ. जोडाक्षर हवं असेल तर डी वर हलन्त आहे, म्हणजे स् आणि त मिळून स्त कसा होतो हे मूल बोटाने करतं, आणि मला आलेला अनुभव असा की शुद्धलेखनात कच्च्या मुलांनासुद्धा जोडाक्षराची फोड इथे पहिल्यांदा दिसते. त्याचबरोबर युनिकोड. जुन्या फॉन्टमधे लिहिलेली मराठी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की अगम्य इंग्रजी अक्षरं दिसतात, अशी एक फाइल जपून ठेवा आणि दाखवा. जुन्या फॉन्टमधे अक्षर मुळात इंग्रजीचंच असतं, फक्त त्याला मराठी कपडे घातलेले असतात, फॉन्ट नसला की कपडे उतरतात. युनिकोडमधे क ला स्वतःचा नंबर आहे, तो जगात कुठेही कच राहतो.

कीबोर्डचे शॉर्टकट किती आणि कुठले

पन्नास शॉर्टकटचा तक्ता भिंतीवर लावू नका. पहिला कंट्रोल झेड. पहिला हाच का तर तो भीती घालवतो. ज्या मुलाला माहीत आहे की काहीही बिघडलं तरी मागे जाता येतं ते मूल प्रयोग करतं, ज्याला माहीत नाही ते हात आखडून बसतं. मग कंट्रोलबरोबरच सेव्हला एस, कॉपीला सी, कटला एक्स, पेस्टला व्ही, आणि शोधायला एफ. खिडक्या बदलायला आल्ट टॅब. बास. झेड, एक्स, सी, व्ही या कळा एका रांगेत शेजारी शेजारी आहेत हे दाखवा. कट-कॉपी-पेस्टची कल्पना लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात घडवली, त्याआधी मजकूर हलवायचा म्हणजे काय कटकट असेल याची कल्पना मुलांनाच करू दे.

वर्डवर मी फार वेळ घालवत नाही. हेडिंगला हेडिंगची स्टाइल द्यायची, नुसतं ठळक आणि मोठं करायचं नाही. नवीन पानासाठी एंटर एंटर एंटर नाही, पेज ब्रेक. रकान्यासाठी स्पेसबार नाही, टेबल किंवा टॅब. हे पटवायला एकच युक्ती पुरते, स्पेस आणि एंटर मारून सजवलेल्या पानाच्या वरती दोन ओळी घाला आणि सगळं कसं विस्कटतं ते बघा.

स्प्रेडशीटवर मात्र वेळ द्या

मला विचाराल तर या वयाच्या मुलांना कॉम्प्युटर म्हणजे काय हे खऱ्या अर्थाने स्प्रेडशीटमधे कळतं. वर्गाकडूनच आकडे घ्या, एक आठवडा रोज किती तास झोपलो हे प्रत्येकाने लिहून आणायचं, नावं नको, हजेरी नंबर पण नको, फक्त आकडे. ते भरायचे, बेरीज आधी कॅल्क्युलेटरवर करायची, मग बरोबरचं चिन्ह टाकून सम फॉर्म्युला लिहायचा, आणि मग एकच आकडा बदलायचा. बेरीज आपोआप बदलते, सरासरी बदलते, चार्टचा खांब वरखाली होतो. पण बदलायच्या आधी थांबवा आणि विचारा, "मी हा ६ चा ९ केला तर कुठे कुठे काय हलेल?" वहीत लिहू दे, मग एंटर मारा. अंदाज, मग कृती, हा क्रम मोडू नका. १९७९ मधे व्हिजिकॅल्क नावाचं पहिलं लोकप्रिय स्प्रेडशीट आलं तेव्हा याच एका गोष्टीसाठी, एक आकडा बदलला की सगळा ताळेबंद परत मोजायला लागू नये म्हणून, लोकांनी त्याच्यासाठी कॉम्प्युटर घेतले होते.

इथे मुलं तीन ठिकाणी हमखास अडकतात. एक, फॉर्म्युला खाली ओढला की सेलचे पत्ते सरकतात, आणि जो सरकायला नकोय त्याच्या आधी डॉलरचं चिन्ह लावायचं. हे तोंडी सांगून कधीच कळत नाही. एका सेलमधे कोणताही दर लिहा, बाजूला रकमांची यादी, गुणाकार करून खाली ओढायला लावा आणि येणारी चुकीची उत्तरं बघू द्या, मग दुसऱ्या ओळीतला फॉर्म्युला उघडून कुठला पत्ता घसरला ते शोधायला लावा, डॉलर मग तेच मागतात. दोन, सेलमधे नुसती जाळीची चिन्हं (####) दिसली की मुलं घाबरतात, तो एरर नसतो, रकाना अरुंद असतो. तीन, आकडा दिसतो पण बेरजेत येत नाही, कारण तो मजकूर म्हणून बसलाय. आकडा आपोआप उजवीकडे चिकटतो आणि मजकूर डावीकडे, एवढं बघायची सवय लागली की पुढचा शोध त्यांना घेता येतो.

आणि तारखेचा घोटाळा. तीन भागिले चार लिहावं तर प्रोग्राम त्याची तारीख करून टाकतो. मुलांना वाटतं हे फक्त आपल्याशीच होतं, तेव्हा त्यांना सांगा की एक्सेल माणसाच्या काही जनुकांच्या नावांची अशीच तारीख करून टाकायचं, "मार्च १" नावाचं जनुक सरळ १ मार्च व्हायचं, आणि शेवटी २०२० मधे जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने अशा जनुकांची नावंच बदलली. शास्त्रज्ञांनी नावं बदलली, सॉफ्टवेअर तसंच राहिलं होतं. (एक्सेलमधे ही आपोआप बदलायची सवय बंद करायची सोय नंतर आली.) हे ऐकल्यावर मुलं आयात केलेल्या डेटाकडे संशयाने बघायला लागतात आणि मला तेच हवं असतं.

इंटरनेट

इंटरनेट आणि वेब एकच नाही हे दोन वाक्यांत सांगा, रस्ते आणि रस्त्यावरची एक बससेवा, टिम बर्नर्स-ली यांनी वेबचा प्रस्ताव १९८९ मधे सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत मांडला तेव्हा इंटरनेट आधीच चालू होतं आणि ईमेल तर त्याच्याही कितीतरी आधीपासून. पण खरा वेळ पत्ता वाचायला शिकवण्यावर द्या. वेबसाइटचं नाव उजवीकडून वाचायचं. सुरुवातीचं https:// सोडून पहिल्या तिरक्या रेघेच्या अगदी आधीचा भाग, तिथे मालक कोण ते कळतं. फळ्यावर लिहा, "माझीबँक.कॉम.खाते-तपासा.नेट/लॉगिन" आणि विचारा ही साइट कुणाची. जवळपास सगळे बँकेची म्हणतात. ती "खाते-तपासा.नेट" वाल्याची आहे, त्याच्या डावीकडचं सगळं त्याने स्वतः लावलेली पाटी आहे. असे दहा पत्ते देऊन फक्त मालकाखाली रेघ मारायला लावा. आणि कुलपाचं चिन्ह असलं म्हणजे साइट प्रामाणिक असं नाही, तुमचं बोलणं वाटेत कुणी वाचू शकत नाही एवढाच त्याचा अर्थ, समोर बसलाय तो चोर असेल तर त्याच्याशी खासगीत बोलताय.

पासवर्डबद्दल, लांबी महत्त्वाची. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडून केलेला लांब पासवर्ड हा आठ अक्षरांच्या वाकड्यातिकड्या पासवर्डपेक्षा लक्षात ठेवायला सोपा आणि फोडायला अवघड. एक पासवर्ड दोन ठिकाणी नाही. टू स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर फोनवर येणारा कोडसुद्धा मागणं) चालू. लॅबमधून उठताना लॉग आउट, हे मी दारात उभी राहून विचारते, आणि ब्राउझरला "पासवर्ड लक्षात ठेवू का" म्हणून विचारलं तर इथे नेहमी नाही. ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी म्हणजे अदृश्य नाही, त्या मशीनवर हिस्ट्री राहत नाही इतकंच, नेटवर्क चालवणाऱ्याला दिसायचं ते दिसतंच.

ईमेल मुलांना म्हाताऱ्यांची गोष्ट वाटते, पण प्रवेश, अर्ज, नोकरी सगळं तिथूनच होणार आहे. विषय लिहायचा (मुलं अख्खा मजकूर विषयात लिहितात), अटॅचमेंट खरंच जोडली का बघायचं, आणि सीसी-बीसीसी मधला फरक तिघांचा गट करून एकमेकांना मेल पाठवून स्वतः शोधू द्या.

एआय चॅटबॉटवर बंदी घालून काही होत नाही, घरी वापरतातच. मी असं करते, मुलांना ज्या विषयात स्वतःला पूर्ण माहिती आहे तोच विषय विचारायला लावते, नुकताच शिकलेला धडा, स्वतः खेळत असलेला खेळ, आणि उत्तरात चुकलेलं अधोरेखित करायला लावते. चुका सापडतात, आणि त्या अतिशय आत्मविश्वासाने लिहिलेल्या असतात हे बघून मुलं गप्प होतात. त्यानंतर वर्गाचा एकच नियम, जे तू मला समजावून सांगू शकत नाहीस ते जमा करायचं नाही. आणि स्वतःचे किंवा दुसऱ्याचे फोटो, पत्ता, मार्कलिस्ट त्यात टाकायची नाही.

थोडंसं प्रोग्रामिंग

शेवटच्या दीड-दोन महिन्यांत घ्या. स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम करायची भाषा, तिने सुरुवात केली तर चालेल, एमआयटीने २००७ मधे ते मुलांसाठीच आणलं, पण नववी-दहावीची काही मुलं त्याला लहान मुलांचं म्हणतात, त्यांना सरळ पायथनवर घ्या, त्यात प्रोग्राम टाइप करून लिहायचा असतो. कोरा पडदा देऊन "प्रोग्राम लिहा" म्हणू नका. पाच ओळींचा चालणारा प्रोग्राम द्या, काय छापेल ते आधी वहीत लिहायला लावा, मग चालवा, मग एक गोष्ट बदलायला लावा, मग स्वतःचं काहीतरी. पायथनचा एरर शेवटच्या ओळीपासून वाचायचा, चूक काय आहे ते तिथे असतं, ओळ नंबर त्याच्या वर. "वाच काय लिहिलंय" याची सवय वर्षभर लागली असेल तर इथे तिचं चीज होतं, आणि लागली नसेल तर इथे वर्ग कोसळतो, मी दोन्ही बघितलंय.

बायनरी, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून मोजायची पद्धत, बोटांवर. अंगठा १, पुढे २, ४, ८, १६, वर असलेल्या बोटांची बेरीज. एका हातावर ३१ पर्यंत, दोन्ही हातांवर १०२३ पर्यंत मोजता येतं. हे वीज गेलेल्या तासासाठी राखून ठेवा. त्याच तासात ५०० जीबीची डिस्क विंडोजमधे ४६५ जीबी का दिसते हे पण होऊन जातं, बनवणारा हजाराने मोजतो आणि विंडोज १०२४ ने, आणि नेटचा स्पीड बिटमधे असतो, फाइल बाइटमधे, म्हणून आठाने भागायचं.

परीक्षा कशी घ्यायची

"संगणकाची व्याख्या लिहा" असला पेपर काढू नका. माझी परीक्षा दोन भागांत असते. पहिल्यात एक फोल्डर, त्यात पंचवीस-तीस अस्ताव्यस्त फाइली, निरर्थक नावं, दोनतीन डुप्लिकेट, एक चुकीच्या एक्स्टेन्शनची. अर्ध्या तासात लावायच्या, नावं द्यायची, आतल्या एका शीटमधला बिघडलेला फॉर्म्युला दुरुस्त करायचा, त्याची पीडीएफ करून ईमेलने पाठवायची. इंटरनेट बघायची परवानगी असते, शेजाऱ्याकडे बघायची नसते.

दुसऱ्या भागात बिघडवलेला कॉम्प्युटर. मुलं यायच्या आधी मी प्रत्येक मशीनवर काहीतरी करून ठेवते, माउसची वायर अर्धवट काढलेली, कॅप्स लॉक चालू त्यामुळे पासवर्ड चुकतोय, नम लॉक बंद, आवाज म्यूट, वायफाय बंद, मॉनिटरची केबल सैल, स्क्रीन दीडशे टक्के झूम, कीबोर्डची भाषा मराठीवर. मूल येतं, बसतं, आणि त्याने शोधायचं. मार्क दुरुस्तीला निम्मे, उरलेले निम्मे कुठल्या क्रमाने काय तपासलं हे लिहिण्याला, न सापडता नीट क्रमाने शोधलं असेल तरी चांगले मार्क देते. यातलं काहीही करायच्या आधी कुठल्या मशीनवर काय केलंय त्याची यादी स्वतःजवळ ठेवा, मी एकदा ठेवली नव्हती आणि पुढच्या तासाचा वर्ग आधीच्या बिघाडासकट बसला.

आणि वर्षाच्या शेवटच्या तासाला, पहिल्या दिवशी लिहिलेल्या त्या चार ओळींची फाइल उघडायला सांगा, त्यात आजच्या चार ओळी घाला, नवीन तारखेच्या नावाने सेव्ह करा आणि तिचा पूर्ण पाथ वहीत लिहून द्या. यासाठी एक काम तुम्हाला पहिल्याच आठवड्यात करून ठेवावं लागेल, त्या सगळ्या फाइलींचा स्वतःकडे एक बॅकअप घ्या, शक्यतो दोन ठिकाणी, कारण वर्षभरात एखादं तरी मशीन फॉरमॅट होतंच आणि मग "मॅडम माझी गेली" म्हणणाऱ्याची फाइल या वेळी खरंच गेलेली असते.